दोनशे फूट खाली

धाकट्या जावेच्या, संध्याच्या बोअरला तीनशे फुटांवर पाणी लागलं, तेव्हापासून लंकाबाईला घास गोड लागेना. तळहातावर नारळ धरून पानाड्याने तिच्याही द्राक्षबागेत तेवढ्यावरच पाणी सांगितलं. पण तिने बोअरवाल्याला बजावलं, “तिच्यापरीस दोनशे फूट खाली जा!” पाचशेला धार उसळली. लंकाबाईने वस्तीभर पेढे वाटले, संध्याला मुद्दाम दोन. आज पाणी तपासणाऱ्या मॅडम दोघींचे कागद घेऊन आल्या. “एका बोअरमध्ये युरेनियम आहे.” संध्याचंच असणार, म्हणून लंकाबाईने हरखून तिच्याकडे पाहिलं. मॅडम पुढे म्हणाल्या, “खोल पाणी वर्षानुवर्षं खडकात राहतं, खडकातलं युरेनियम त्यात उतरतं. मावशी, तुमचं पिऊ नका.” संध्याने लगोलग भरलेला हंडा आणून तिच्या उंबऱ्याशी ठेवला. “अक्का, आता माझ्याकडचंच प्या.” लंकाबाईने हंडा पायाने सरकवला, आपल्या बोअरचा तांब्या उचलला आणि संध्याच्या डोळ्यांत बघत घटाघटा रिकामा केला. “लय गोड हाय!”