तहानलेला खांब

शेवंताने नेहमीसारखी चुलीतली कोरडी राख उड्डाणपुलाच्या खांबावरच्या उभ्या बागेत, ओलावा मोजणाऱ्या सेन्सरभोवती दाबली. बाग तहानली असं यंत्रणेला वाटलं की पाणी सुटायचं आणि वस्तीतल्या बायका खाली हंडे लावायच्या. वस्तीला नळ नव्हता. माणसांची तहान कळवणारा सेन्सरही नव्हता.

आठवड्याभरात खांबाला शिडी लागली. जुनी रोपं उपटून नवी लावताना इंजिनिअर कौतुकानं म्हणाला, "मावशी, हा खांब शहरात सगळ्यात जास्त पाणी प्यायचा. म्हणून आमच्या स्मार्ट सिटीनं हे नवं वाण काढलंय. हवेतल्या ओलाव्यावर जगतं. पाण्याचा थेंब लागत नाही!"

शेवंताने रिकामा हंडा कमरेवर घेतला.

"झ्याक झालं, सायेब. आता माणसाचंबी असलंच वाण काढा."