सातबाऱ्यावरचं नाव

"आणि हा कुठला?" नवऱ्याने बरणी उजेडाकडे धरली.

"कडवा वाल. तिसऱ्यांदा सांगतेय," ठकूबाई म्हणाली.

वीस वर्षं गावोगाव हिंडून तिने ही गावरान बियाणी जमवली होती, राखेत घोळून जपली होती. परदेशी अभ्यासदौऱ्याची शिष्यवृत्तीही तिलाच जाहीर झाली. मग कृषी खात्याने सातबारा मागितला. त्यावर नाव नवऱ्याचं. "कागदोपत्री शेतकरी ते. तेच जातील," साहेबांनी सांगून टाकलं.

उद्या विमान होतं. त्याच्या सदऱ्याची घडी घालता घालता तिने विचारलं, "तिथं कुणी विचारलं, हे सगळं कुणी जपलं, तर काय सांगाल?"

"वाडवडिलांपासून आहे म्हणेन. ते बरं दिसतं."

त्याने पुन्हा तीच बरणी उचलली. "हा कुठला म्हणालीस?"

"कडवा," ती म्हणाली.