जळमटं

डोळ्यावरची पट्टी सकाळी निघाली आणि दुपारी जेवून उठताना मेट्रनबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"हे काय आहे?"

काय आहे ते त्यांच्या सुनेला चांगलं ठाऊक होतं. छताच्या प्रत्येक कोपऱ्यात जळमटं लोंबत होती. पंख्यापासून ट्यूबलाइटपर्यंत तर कपडे वाळत घालायची दोरी बांधावी तसं जाळं ताणलेलं होतं. मोतीबिंदू पिकत गेला तशी सासूबाईंना वरची दुनिया दिसेनाशी झाली होती, आणि त्यामुळे आजवर निभावून गेलं होतं.

"घर आहे की गोदाम?" इस्पितळातून निवृत्त होऊन मेट्रनबाईंना बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता. "फरशी आरशासारखी लख्ख आणि वर हे. येणारे-जाणारे सगळे बघून गेले असतील. खांद्याच्या वर हात जात नाही का तुझा?"

सून ताटं गोळा करत होती. ती तिने तशीच खाली ठेवली.

"मला कोळ्यांची भीती वाटते, आई. नुसती किळस नाही, हातपाय गार पडतात. कोपऱ्यात काही हललं की त्या खोलीत पाऊल टाकवत नाही."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही म्हणाला असतात, एवढ्याशा किड्याचं काय घेऊन बसलीस."

"म्हणालेच असते," मेट्रनबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाडू मागितला.

सुनेने तो दिला नाही. वाकायचं नाही, हात वर करून काम करायचं नाही, डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघींनी झाडूचा दांडा थोडा वेळ धरून ठेवला. मग मेट्रनबाईंनी सोडला.

"बरं. मी दारात खुर्ची टाकून बसते. डोळा माझा, हात तुझे. आधी झाडूला ओलं फडकं गुंडाळ, म्हणजे धूळ उडणार नाही. आणि मी सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही."

काळा चष्मा लावून त्या दारात बसल्या. पहिला कोळी कपाटावरच्या कोपऱ्यात निघाला.

"पाय कसे आहेत त्याचे?"

"मला नाही बघायचं."

"बघितल्याशिवाय कळायचं कसं?"

सुनेने पाहिलं. "बारीक. केसासारखे. लांबच लांब."

"जाळ्याला झाडूचं टोक लाव."

टोक लागताच तो कोळी जागच्या जागी इतका हलायला लागला की त्याचा नुसता धूसर ठिपका दिसायला लागला. सून दोन पावलं मागे आली.

"घाबरलाय तो," मेट्रनबाई म्हणाल्या. "नुसता थरथरतो, बाकी काही करायची त्याची ऐपत नाही. जाळ्यासकट गुंडाळ आणि अंगणात झटक."

तिने झटकला. पुढचा कोपरा जरा लवकर झाला. खिडकीच्या चौकटीत माशीएवढा एक होता. तो उडी मारून बाजूला सरला आणि वळून तिच्याकडे बघत बसला.

"हा जाळं विणत नाही. माश्या, डास मटकावतो. राहू दे त्याला, आपल्याकडे फुकट कामाला आहे."

मग सुनेने भिंतीपासून कपाट ओढलं आणि तिच्या हातातून झाडू पडला. मागे तळहाताएवढा, तपकिरी, भिंतीला चपटा चिकटलेला कोळी होता. पोटाखाली कोटाच्या बटणासारखं काहीतरी पांढरं.

"आई."

"दिसतंय मला. हलू नकोस." मेट्रनबाईंचा आवाज एकदम खाली आला. रात्रभर कण्हणाऱ्या पेशंटशी त्या अशाच बोलत असाव्यात. "ते पांढरं आहे ना, ती तिची अंडी. लेकुरवाळी बाई ती, पोरं सांभाळून पळेल की तुझ्या अंगावर येईल? झुरळं खाऊन जगते बिचारी. एक मोठं पातेलं आण आणि जाड पुठ्ठा."

"मला नाही जमणार."

"नको मग. मागचं दार उघडं ठेव. ती आपणहून जाईपर्यंत बसू दोघी."

मेट्रनबाई खरंच टेकून बसल्या. सून भिंतीला पाठ लावून उभी होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि पातेलं घेऊन आली.

पातेलं भिंतीवर टेकवताना तिने श्वास रोखला. पुठ्ठा इंच-इंच सरकवला. आत तडतड झाली, तेव्हा तिने डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. काठोकाठ भरलेलं उकळतं दूध न्यावं तसं पातेलं पुढे धरून ती कुंपणापर्यंत गेली. पुठ्ठा काढल्यावर कोळीण थोडी थांबली, मग विटांवरून चढून पलीकडे गेली. पोटाखालचं पांढरं शाबूत होतं.

संध्याकाळपर्यंत मागच्या दाराखालच्या फटीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकून झाली. पलंगाखालची रिकामी खोकी बाहेर गेली. दारावरच्या बल्बकडे पाहून मेट्रनबाई म्हणाल्या, "हा उद्या फाटकापाशी लावून घे. दिव्यावर किडे येतात, अन् किड्यांच्या मागावर कोळी. वॉर्डातही मी तेच करत असे."

सून दमून त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

"केसात जळमट आहे तुझ्या. इकडे ये."

"त्यात कोळी नाही ना?"

"असता तर तुला सांगितलं असतं होय? घर डोक्यावर घेतलं असतंस."

सून हसली. मेट्रनबाईंचा हात तिच्या केसात तसाच थांबला.

"ही खळी कधीपासून पडते तुझ्या गालाला?"

"पहिल्यापासूनच, आई."

मेट्रनबाईंनी तिची हनुवटी धरली आणि चेहरा खिडकीतल्या उजेडाकडे वळवला.