एका ठेक्यात

धाकटीला दिसत नाही, म्हणून मनगटांना एकच दोरी बांधून आम्ही बहिणी मॅरेथॉनचा सराव करतो. पावलं आरशातल्यासारखी पडतात. माझा डावा, तिचा उजवा, एकदम. आज माझा डावा गुडघा ठणकत होता. कोच सरांना कळलं, तर दोरी दुसऱ्याच कुणाच्या हातात गेली असती. “ताई, ठेका चुकतोय. डावा पाय उशिरा पडतोय तुझा.” “गप. समोर बघ.” “कशानं बघू?” वळणावर सर आमच्या पावलांवर नजर रोखून उभे. मी दात आवळले, तरी लंगडलेच. माझ्याबरोबर, त्याच ठेक्यात, तीही लंगडली. “थांबा! लंगडतंय कोण?” “मी,” धाकटी म्हणाली. “ताई मला सांभाळून घेतेय.” “कुठला पाय?” “डावा.” घात झाला. तिनं माझा पाय सांगितला होता. “तू तर उजव्यावर लंगडत होतीस,” म्हणत सरांनी दोरीकडे हात नेला. धाकटीनं मनगटाला आणखी एक वेढा दिला.