टाकीपुढचं डांबर

टँकर इस्पितळाच्या मागच्या फाटकात थांबवून प्यो सुनदोकनं काच खाली केली आणि तिच्या नाकात ताज्या डांबराचा वास शिरला. ऑक्सिजनच्या टाकीपुढे गेल्या खेपेपर्यंत काँक्रीटचा ओटा होता, भेगाळलेला, कळकट. आज तिथं काळंभोर डांबर चकाकत होतं. तोच पट्टा नव्या इमारतीच्या दारापर्यंत गेला होता आणि दोन्ही बाजूंना शेवंतीच्या कुंड्या मांडल्या होत्या.

ती उतरली, चाकांना ठोकळे लावले, आणि केबिनच्या पायरीवर बसून डब्यातला किंबाप, शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात, खाऊ लागली.

इस्पितळाचे व्यवस्थापक मेंग धावतच आले. नवा सूट, छातीवर कागदी फूल.

"अहो मावशी, जेवताय काय? बारा वाजता जिल्हाप्रमुख येतायत उद्घाटनाला. त्याआधी माल उतरवा आणि निघा."

"डांबरावर द्रव ऑक्सिजन उतरवत नाही."

"डांबराचं काय घेऊन बसलात? नळी जोडायची, टाकी भरायची."

"नळी सोडताना चार थेंब सांडतातच. काँक्रीटवर सांडले तर हवेत उडून जातात. डांबरात मुरले तर त्याचा सुरुंग होतो. वरून एक पाना पडला तरी पुरे."

"दोन इंचांचा तर थर आहे. दोन इंचांनी काय आभाळ कोसळतंय?"

"नियमात इंच लिहिलेले नाहीत, साहेब. डांबर नको, एवढंच लिहिलंय."

नियम लिहिणाऱ्यांबद्दल सुनदोकला काडीचं प्रेम नव्हतं. ठोकळे, जाड हातमोजे, दर दोन तासांनी दाब तपासणं, सगळ्या कलमांवर ती बावीस वर्षं कुरकुरत आली होती. या एका कलमावर मात्र तिनं कधी ब्र काढला नव्हता.

देखभालीचा म्हातारा योम टाकीजवळ उभा होता. टाकीचा काटा कुठवर आलाय, तिनं त्याला विचारलं.

"दोनपर्यंत पुरेल," तो म्हणाला. "मग सिलिंडर. ते तासभर."

वर तिसऱ्या मजल्यावर एकतीस माणसं या टाकीवर श्वास घेत होती. तिनं डबा मिटला. तिला भीती वाटत होती. परत फिरणं तिला जमणार नव्हतं आणि इथं नळी जोडणंही जमणार नव्हतं.

मेंगनी नेमकं तेच ओळखलं. "वर कुणाला काही झालं तर पाप तुमच्या माथी," ते म्हणाले, आणि फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडे तिच्याच कंपनीचा गाड्या सोडणारा होता.

"ताई, एवढ्या वेळेला डोळेझाक करा ना. नाहीतर उद्यापासून त्या गाडीवर दुसरा माणूस बसेल."

"उद्याचं उद्या. आज मी आहे," ती म्हणाली आणि फोन मेंगना परत दिला. मग केबिनमधून हातमोजे काढून तेही त्यांच्यापुढे धरले. "घ्या. गाडी मी लावून देते. नळी तुम्ही जोडा. मी रस्त्यापलीकडे उभी राहते."

मेंगनी हातमोज्यांकडे पाहिलं. हात काही पुढे आला नाही.

"ते माझं काम नव्हे."

"मग मरायचं कुणी, ते तरी ठरवा."

योमनं घसा खाकरला. "खाली जुनं काँक्रीट तसंच आहे. फोडायला तास लागेल."

"खबरदार," मेंग म्हणाले. "पाहुणे यायच्या वेळी खड्डा? तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, योम."

"डांबर घालताना मूग गिळून बसलो, तेवढं पुरे," योम म्हणाला, आणि फोडायचं यंत्र आणायला गेला.

यंत्राच्या धडधडाटात मेंगचं ओरडणं ऐकू येईना, तसे ते पुढच्या दाराकडे निघून गेले. सुनदोकनं बाह्या सारून फावडं घेतलं. डांबराचे तुकडे हातगाडीतून लांब नेऊन टाकले. शेवंतीवर धूळ बसली, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग दोघांनी गुडघे टेकून कढत पाणी आणि साबणानं ओटा घासला, भेगांतला काळा अंशही खरवडून काढला. योमची पाठ धरली होती. तिच्या तळहाताला फोड आले होते.

बाराला पाच मिनिटं असताना तिनं गाडी मागे घेतली आणि नळी जोडली. पांढरं धुकं ओट्यावरून सरपटू लागलं, नळीवर बर्फ धरला आणि टाकीचा काटा हलला. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वरात आली. पुढे जिल्हाप्रमुख, मागे मेंग, त्यामागे डॉक्टर, छायाचित्रकार, वीस-पंचवीस माणसं. डांबरी पट्टा ओट्याच्या कडेला तुटला होता, तिथं सगळे थबकले.

"हे कुणी उखडलं?" जिल्हाप्रमुखांनी विचारलं.

मेंगनी बोट दाखवलं. योम पुढे होऊ लागला, तोवर ती म्हणाली, "मी."

"कुणाच्या परवानगीनं?" आणि त्यांनी पाय ओट्याकडे टाकला.

"तिथंच थांबा, साहेब." काट्यावरची नजर न काढता तिनं हात आडवा केला. "बुटांना डांबर लागलंय. असले बूट माझ्या ओट्यावर चालत नाहीत."

जिल्हाप्रमुखांनी पाय मागे घेतला आणि उचलून बुटाचा तळ पाहिला. मागच्या सगळ्या वरातीनं, मेंगसकट, एकेक पाय उचलला.