पुढच्या दाराचे खिळे

घराच्या तीन बाजूंना समुद्रगवत ठासून झालं होतं. पुढची बाजू तेवढी उरली होती.

अल्सीदनं ट्रकमधला शेवटचा भारा ओढून खाली टाकला. भरतीबरोबर किनाऱ्यावर येऊन पडणारं हे गवत त्यानं आणि लिअँडरनं दोन दिवस गोळा केलं होतं. जोत्यापासून हातभर अंतरावर फळ्या उभ्या करायच्या आणि मधल्या जागेत गवत भरायचं, म्हणजे वारा घराखाली शिरत नाही.

"नीट ठासा की, दाजी," अल्सीद म्हणाला. "उंदरांना गादी घालताय का?"

"उंदीर तुझ्या घरात. इथं त्यांना खायला काय आहे?"

"म्हणून तर आमच्या ओझीतनं रापी दिलीय, किसलेल्या बटाट्यांची. गरम आहे तोवर खा. गार झाली की त्या बटाट्यांची खळ होते. बायकोच्या हातची आहे, मला माहीत आहे."

लिअँडर हसला नाही. फेब्रुवारीत त्याची बायको डेल्फीन गेली तेव्हापासून मेव्हण्याचे विनोद तो ऐकून घ्यायचा, एवढंच. सकाळी खिडक्यांना प्लॅस्टिक लावून झालं होतं. दर वर्षी डेल्फीन हेअर ड्रायर फिरवायची आणि सुरकुतलेलं प्लॅस्टिक काचेसारखं ताणून बसायचं. यंदा ड्रायर अल्सीदनं फिरवला. दोन ठिकाणी भोक पाडलं.

पुढच्या दारापाशी येऊन अल्सीदनं प्लॅस्टिकची घडी उलगडली आणि एक टोक पुढे केलं.

"धरा."

लिअँडरनं धरलं नाही. "हे दार राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे यंदा बंद करायचं नाही. प्लॅस्टिक नको, गवत नको."

नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर पुढचं दार रोजच्या वापरातलं नसतं. सगळी ये-जा मागून, स्वयंपाकघराच्या दारानं. पुढून घरात येतात ते पाद्री आणि नवी नवरी, आणि पुढून बाहेर जाते ती शवपेटी. त्यामुळे थंडी पडली की त्यावर प्लॅस्टिक ठोकायचं, उंबऱ्याच्या वरपर्यंत गवत रचायचं आणि एप्रिलपर्यंत ते विसरून जायचं.

"फटीतून बोट जातंय, दाजी. घराची सगळी ऊब इथून जाईल. तुमची लाकडं जानेवारीतच संपतील."

"संपू देत."

"आणि मग? मी येऊन तुम्हाला बर्फासारखं उचलून न्यायचं?"

"तेव्हा दार उघडेल," लिअँडर म्हणाला. "एवढंच हवंय मला."

बहिणीची पेटी उचलणाऱ्या सहा जणांत अल्सीदही होता. तेव्हा या दारापुढचं गवत गोठून दगड झालं होतं. पहारही लागेना. तासाभरानं अल्सीदच म्हणाला होता, पुरे, मागून नेऊ. लाकडाच्या ढिगाजवळ वळण अरुंद होतं, तिथे पेटी तिरकी करावी लागली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला.

"गेल्या वर्षी दार ठोकलंत, ते काय तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मुद्दामच केलं." लिअँडर दाराकडे बघत बोलत होता. "डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. मला एकट्याला बाजूला घेऊन. एप्रिल काही बघायची नाही म्हणाले. मी दार ठोकायला आलो तेव्हा ती इथंच पायरीवर ब्लँकेट घेऊन बसली होती. दार तसंच सोडलं असतं तर तिला कळलं असतं कशासाठी सोडलं ते. म्हणून ठोकलं. दर वर्षीच्या दुप्पट खिळे मारले."

अल्सीदनं प्लॅस्टिक खाली ठेवलं. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"तिला माहीत होतं, दाजी."

लिअँडरनं वळून पाहिलं.

"मी त्या दिवशी लाकडं घेऊन आलो होतो. तुम्ही हातोडा चालवत होतात. ती आत आली आणि मला म्हणाली, मला मागच्या दारानंच न्या. चाळीस वर्षं तिथूनच ये-जा केली. ह्यांना ठोकू दे, म्हणाली. बोलू नकोस काही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तरी तिला कुठे सांगितलंत?"

लिअँडर पायरीवर बसला. चार महिने त्या दोघांना मिळाले होते. लाकडं किती उरली, चिमणीत काजळी धरली का, कुणाच्या बोटीला किती शेवंड मिळाली, रोज रात्रीच्या जेवणाला हेच बोलणं. एकदा ती बोलता बोलता थांबली होती आणि त्यानं घाईघाईनं हवेचा विषय काढला होता.

"आणखी काय म्हणाली?"

अल्सीदनं आठवून पाहिलं. "म्हणाली, खिळे फार मारतायत. एप्रिलात एकटेच उपटत बसतील आणि चौकट फाडून ठेवतील."

लिअँडर उठला. खिळे त्यानं मे महिन्यात काढले होते, एका संध्याकाळी, कुणाला न बोलावता. चौकटीचं लाकूड उजव्या बाजूनं तीन ठिकाणी उभं चिरलं होतं. त्यातल्या सगळ्यात लांब चिरेवर अंगठा ठेवून तो उभा राहिला, आणि अल्सीदनं प्लॅस्टिक उचलून दुसऱ्यांदा "धरा" म्हटलं तरी त्यानं तो काढला नाही.