आडव्या शिड्या

"एक मिनिट चाळीस सेकंद," मनगटावरच्या घड्याळावरून नजर उचलत ती म्हणाली. "एवढ्या वेळात माणूस दुसरीकडून शिडी घेऊन झाडावर चढलासुद्धा असता."

शिडीवाला ओशाळला. लॅपटॉपवर त्याच्या कारखान्याचं पान आत्ता कुठे पूर्ण उघडलं होतं. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, एक करवत, दोन रंधे आणि तो स्वतः.

फळांचा हंगाम तीन आठवड्यांवर आला होता. तोवर बागवाल्यांच्या ऑर्डरी आल्या नाहीत तर शेडला कुलूप लावायचं आणि शहरातल्या गोदामात नोकरी धरायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. वेबसाइट सुधारायला कुणीतरी पाठवा म्हणून तो आठ दिवस वेबसाइटवाल्या कंपनीला फोन करत होता. त्यामुळे आज सकाळी ही बाई बसमधून उतरून दारात आली आणि "मामांनी पाठवलंय, बघायला आलेय" म्हणाली, तेव्हा त्याने पाणीसुद्धा न विचारता तिला थेट लॅपटॉपसमोर बसवलं. कंपनीच्या मालकाला सगळे मामा म्हणत असावेत.

तिने स्क्रीनकडे बघितलं. आणि खळखळून हसली.

"हसायला काय झालं, मॅडम?"

"सगळ्या शिड्या आडव्या पडल्यात. आडवी शिडी कुंपणासारखी दिसते." तिने पर्समधून चष्मा काढला. "बरं. बघू या."

चष्मा लावल्यावर मात्र ती इकडेतिकडे बघेना. फोटो इतके जड होते की पान उघडताना धापा टाकत होतं. मजकुरात 'मजबूत' हा शब्द अकरा वेळा होता. मग ती खालच्या ओळीवर थांबली आणि बोटाने मोजू लागली.

"हा तुमचा फोन नंबर?"

"हो."

"यात एक आकडा कमी आहे."

शिडीवाल्याने मोजलं. पुन्हा मोजलं.

"तीन वर्षं आहे हो हा इथे," तो खाली बसत म्हणाला. "मला वाटलं, लोकांना शिड्याच नकोत."

आतून त्याच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, आवाज आला. "तरी मी म्हणत होते, फोन वाजत कसा नाही! याला वाटलं, जग बसून फळं तोडायला लागलं!"

आक्का चहा घेऊन बाहेर आली. एरवी लॅपटॉपला ती 'तुझी डबी' म्हणायची आणि त्याच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. आज मात्र खुर्ची ओढून बसली.

"तू शर्ट बदलून ये बघू," तिने भावाला सांगितलं. "भुसा किती लागलाय अंगाला."

"वेबसाइटला शर्ट कशाला?"

"फोटोत तू येशील ना? जा."

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला तेव्हा दोघी कशावर तरी हसत होत्या.

"मॅडम, ही कामं तुम्ही कुठे शिकलात?"

"मी लॅबमध्ये असते. आमचं पान मीच सांभाळते."

कंपनीत कॉम्प्युटरची लॅब असणारच, असं त्याला वाटलं.

मग 'आमच्याविषयी' हे पान आलं. तिथे नुसता पत्ता होता. तिने वही काढली. घरात कोण कोण? आक्का आणि मी. सकाळी किती वाजता उठता? साडेपाच. आजार वगैरे? काही नाही. राग येतो का?

"रंधा बोथट असला की येतो. हेसुद्धा पानावर जाणार?"

"सगळंच जात नाही. पण माहिती पुरी हवी."

"विचार, विचार," आक्का म्हणाली. "काही लपवाछपवी नाही आमच्याकडे. घोरतो, तेवढं लिही."

"आक्का!"

दुपारी त्याने सगळ्या शिड्या अंगणातल्या झाडाला लावून उभ्या केल्या. तिने फोटो काढले, ते हलके केले. चार फूट उंचीला पायथा एक फूट बाहेर, हा त्याचा नियम तिने मोठ्या अक्षरांत लिहिला. मग चपला काढून ती स्वतःच शिडीकडे निघाली.

"अहो मॅडम, कशाला?"

"तपासल्याशिवाय मी लिहीत नाही."

ती पार वरच्या पायरीपर्यंत गेली. तो खाली शिडी घट्ट धरून उभा होता.

"हलत नाही," वरून ती म्हणाली.

"मी धरलीय ना."

"तेही लिहून ठेवते."

संध्याकाळच्या बसला निघेपर्यंत पान तीन सेकंदांत उघडत होतं. त्याने बिलाचं विचारलं तर म्हणाली, "ते मामा आणि आक्का बोलतील. पुढच्या रविवारी येते, काय फरक पडला ते बघायला."

फरक पडला. सोमवारी दोन फोन आले, बुधवारी सात. एका बागवाल्याने एकदम वीस शिड्या मागितल्या आणि वर म्हणाला, "तीन वर्षं तुम्हाला शोधतोय राव!" शनिवारी शिडीवाल्याने गोदामात नोकरी नको म्हणून कळवून टाकलं, आणि आक्काने गल्लीभर ही बातमी वाटली.

रविवारी ती आली तेव्हा त्याने आधीच इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ती ऑर्डरींची यादी वाचत असतानाच फोन वाजला.

"माफ करा हं, मी वेबवाला बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "पाठ धरली होती, पंधरा दिवस अंथरुणात होतो. उद्या नक्की येतो तुमचं संकेतस्थळ बघायला."

"पण तुमच्या मॅडम येऊन गेल्या की!"

"आमच्याकडे कुठल्या मॅडम? मी एकटाच असतो."

शिडीवाल्याने फोन हळूच खाली ठेवला. दारात आक्का तोंडावर हात दाबून उभी होती.

"मग तुम्ही," त्याने विचारलं, "काय बघायला आला होतात?"

"स्थळ," ती चष्मा पुसत म्हणाली. "मामांना मागच्याच रविवारी कळवलंय. पसंत आहे."